'गाव उठलं' म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न असा आला आहे: "आजी नेहमी म्हणते, 'कोयनेत आमचं गाव उठलं.' कॉलेजच्या वार्षिकांकातल्या लेखात मी हे वाक्य जसंच्या तसं घातलं. संपादक सरांनी ते खोडून 'आमचे गाव विस्थापित झाले' असं केलं. 'उठणे'चा असा अर्थ खरंच होतो का, की ही फक्त गावाकडची बोली? आणि 'विस्थापित होणे' लिहावं की 'विस्थापित करणे'?"

तुमच्या आजींचं वाक्य चोख आहे. सरांनी ते बदलताना दोन चुका केल्या. एक म्हणजे धडधाकट मराठी क्रियापद बोलीभाषा समजून कापलं. दुसरी चूक मोठी आहे: जे कधी विस्थापित होत नाही त्याला विस्थापित केलं. गाव विस्थापित होत नाही, माणसं होतात. गाव उठतं. हा फरक नीट सांगायचा तर जरा लांबून यावं लागेल.

मी सव्वीस वर्षं मराठी-इंग्रजी अनुवाद करते आहे. त्यातला मोठा काळ धरणग्रस्तांची निवेदनं, जबाब, प्रतिज्ञापत्रं, जुने पंचनामे आणि संपादनाच्या नोटिसा यांत गेला. या क्रियापदाशी माझी गाठ पहिल्यांदा पडली ती एका म्हाताऱ्या बाईंच्या जबाबात. मूळ मराठीत होतं: "गाव उठलं तवा माझा थोरला पोटात हुता. पहाटंच निघालो." आधीच्या अनुवादकाने त्याचं इंग्रजी केलं होतं की गाव जागं झालं आणि सगळे पहाटेच निघाले. वाचणाऱ्याला वाटावं, यात्रेला निघाले असतील! त्या इंग्रजी कागदावरून कुणालाही अनुमान काढता आलं असतं की ही मंडळी आपखुशीने, ठरवून, सकाळच्या गार वेळेत गाव सोडून गेली. चूक शब्दकोशाची नव्हती. त्या अनुवादकाला 'उठणे'चा पहिला अर्थ पुरेसा वाटला आणि 'पहाट' शब्दाने त्याला वर साथ दिली. मी तो जबाब पुन्हा केला, तळटीप दिली, आणि तेव्हापासून या शब्दाचा पिच्छा सोडलेला नाही.

'उठणे' समजायचं तर 'बसणे' शेजारी ठेवावं लागतं. आपल्याकडे पुष्कळ गोष्टी 'बसतात' आणि 'उठतात'. आठवड्याचा बाजार बसतो नि दिवस कलला की उठतो. पंगत बसते, उठते. नवरात्रात घट बसतात आणि दसऱ्याला उठतात. फिरस्त्यांची पालं पडतात आणि एक दिवस उठतात. किल्ल्याला वेढा बसतो, आणि वेढा घालणाऱ्यांची रसद संपली की उठतो. या सगळ्यांत काय उठलं? बाजार उठला म्हणून दुकानदार नाहीसे झाले नाहीत, मालही नाहीसा झाला नाही. त्यांची त्या जागेवरची मांडणी मोडली. कोण कुणाच्या शेजारी, कुणाची पाठ कुठे, वाट कुठून, पाणी कुठून, हे जे जमलेलं असतं ते मोडलं की ती गोष्ट उठली. माणसं, वस्तू शिल्लक, मांडणी गेली.

बाजार तर उठायलाच बसतो. गाव उठायला बसलेलं नसतं. म्हणूनच 'गाव उठलं' हे वाक्य कानाला लागतं. पालासाठी, बाजारासाठी, पंगतीसाठी असलेलं क्रियापद गावाला लावावं लागलं, यातच काय झालं ते आलं.

यातली आणखी एक बारीक अट माझ्या लक्षात उशिरा आली. गाव उठायला माणसं जिवंत लागतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्याला कुणी 'माळीण उठलं' म्हणत नाही. माळीण गाडलं गेलं. उलट, १८९६-९७ पासून प्लेगच्या साथी आल्या तेव्हा लोक घरांना कुलपं लावून माळावर झोपड्यांत राहायला जात. तिथे 'गाव उठून माळावर गेलं' हे बरोबर बसतं, कारण निघालेली माणसं आहेत आणि मागे रिकामी घरं आहेत.

आता 'तून' लावून बघा. 'संसारातून उठणे', 'आयुष्यातून उठणे', 'माणसातून उठणे'. अमका माणसातून उठला म्हणजे तो मेला नाही, पण माणसांच्या हिशेबात राहिला नाही. हा अर्थ रोजच्या मराठीत इतका मुरलेला आहे की 'उठणे'ला उखडले जाण्याचा अर्थ नाही असं म्हणणाऱ्याने आपलंच बोलणं दोन दिवस ऐकावं. आणि 'उठवणे'चा सगळ्यात कडू वापर जेवणातला आहे: भरल्या ताटावरून उठवणे. शत्रूलाही भरल्या पानावरून उठवू नये म्हणतात. 'सरकारनं गाव उठवलं' हे वाक्य ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्या कानात मागे हे ताट वाजत असतं. 'विस्थापित केले' मध्ये ताट नाही.

व्युत्पत्तीत मी फार रमत नाही, पण इथे ती कामाची आहे. 'उठणे' हे संस्कृत 'उद्' आणि 'स्था' यांतून आलं, म्हणजे असलेल्या जागेवरून वर होणं. 'विस्थापित' मध्येही तोच 'स्था' आहे. आणि 'गावठाण' मधलं 'ठाण' म्हणजे 'स्थान', तेही त्याच घरचं. म्हणजे आजींचा शब्द आणि सरांचा शब्द सख्खी भावंडं आहेत. एक घरी राहिलं, एक शिकून कचेरीत लागलं. कचेरीतल्याने घरच्याला गावंढळ म्हणावं हे आपल्याकडे नवीन नाही.

आता मूळ मुद्दा. धरणाखाली, रस्त्याखाली, कारखान्याखाली जे जे जातं, त्या प्रत्येकाला मराठी वेगळं क्रियापद देते. जमीन 'जाते': "आमची सात एकर धरणात गेली", "पुढची पट्टी रस्त्यात गेली", "बाकीची एमआयडीसीत गेली." इथल्या 'त' कडे लक्ष द्या. धरणात म्हणजे पाण्याच्या आत असं नव्हे, धरणाच्या कामी. बुडिताच्या वर राहिलेली पण कालव्यासाठी घेतलेली जमीनही 'धरणात गेली'च म्हणतात. घर 'बुडतं' किंवा 'मोडतं', आणि मोडायचं असेल तर पुष्कळदा घरधन्यालाच मोडावं लागतं, कारण वासे, तुळया, कौलं नव्या जागी न्यायची असतात. विहीर 'बुजते'. झाड 'तुटतं'. देव मात्र 'हलवतात', तोही त्याला विचारून, कौल लावून. देव उठला असं म्हणायला जीभ धजत नाही. आणि गाव 'उठतं'.

जुन्या मराठीत काळी आणि पांढरी अशी जोडी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे राहती जागा, जिथे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, माती, चुना मिसळून जमिनीचा रंग बदललेला असतो. या जोडीत सांगायचं तर काळी जाते आणि पांढरी उठते. मोबदल्याच्या कागदात काळीचा हिशेब असतो: गुंठे, आकार म्हणजे सारा, पिकं, झाडं. पांढरीतल्या घरांचाही असतो. पण पांढरीत कोण कुणाच्या भिंतीला भिंत लावून होतं त्याला रकाना नाही. 'उठणे' नेमकं त्या बिनरकान्याच्या गोष्टीविषयी बोलतं. म्हणून त्याचा कर्ता 'गाव' असतो, 'मी' नसतो.

'मी' किंवा 'आम्ही' घालून बघा. "आम्ही उठलो" म्हटलं तर झोपेतून उठलो, नाही तर जागेवरून. "आम्ही उठणार नाही" म्हटलं तर ठिय्या मांडून बसलेले आंदोलक डोळ्यांपुढे येतात. म्हणजे माणूस कर्ता झाला की 'उठणे' इच्छेचं क्रियापद होतं आणि गाव कर्ता झालं की इच्छेबाहेरचं. माणसाला उखडलं जाण्याच्या अर्थाने हे क्रियापद हवं असेल तर 'तून' घ्यावं लागतं: "आम्ही गावातून उठलो." तरीही ते ऐकायला अर्धवट वाटतं, पुढे "आणि इकडं आलो" असं काही तरी लागतं.

इथेच लिंगाचंही बघून घेऊ, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असेल: गाव उठलं की गाव उठला? 'गाव' मराठीत नपुंसकलिंगी आणि पुल्लिंगी दोन्ही चालतो, प्रदेशाप्रमाणे कमीजास्त. पण माझ्या कानाचा अनुभव असा की जिथे दोन्ही चालतात तिथे पुल्लिंगी गाव म्हणजे माणसं आणि नपुंसकलिंगी गाव म्हणजे ठिकाण, असा कल दिसतो. "सारा गाव लोटला", "अख्खा गाव गोळा झाला". त्याच चालीवर "सारा गाव उठला" म्हटलं तर गावाने बंड केलं असं वाटू शकतं. हा नियम नव्हे. आजी "गाव उठला" म्हणत असतील तर तसंच ठेवा.

व्याकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र पुढची आहे. मराठीत क्रियापदांच्या जोड्या असतात: सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, बुडणे-बुडवणे, उठणे-उठवणे. पहिल्यात गोष्ट आपोआप झाल्यासारखी दिसते, दुसऱ्यात करणारा हात दिसतो. 'गाव सुटलं' आणि 'गाव सोडलं' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'सोडलं' म्हटलं की सोडणारा मी, जबाबदारी माझी. 'सुटलं' म्हटलं की माझ्या हातून निसटलं. तसंच 'उठलं' मध्ये उठवणारा झाकला जातो आणि 'उठवलं' मध्ये उभा राहतो. एकदा एका सभेच्या वृत्तांताचा अनुवाद वाचून दाखवत होते. "गाव उठलं त्या वर्षी" असं वाचल्यावर मागून एक आजोबा ओरडले, "उठवलं म्हणा. गावाला काय पाय हाईत?" सगळे हसले. मी ते वृत्तांतात दुरुस्त केलं नाही, कारण बोलणारा 'उठलं'च म्हणाला होता, पण आजोबांचा मुद्दा आजतागायत शिकवते.

मग उठवणाऱ्याला झाकायचं असेल पण 'उठवणे' तर वापरायचं आहे, त्यावर कचेरीच्या मराठीकडे रामबाण उपाय आहे: 'ण्यात येणे'. "गाव उठवण्यात आले." कुणाकडून? उत्तर नाही. मी अनुवादाला बसते तेव्हा प्रत्येक 'ण्यात आले' खाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढते आणि मूळ फाइलीत कर्ता शोधते. बहुतेक वेळा तो मागच्या पानावर, एखाद्या आदेशाच्या क्रमांकाशेजारी सापडतो. कर्ता वेगवेगळा असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. १९२१ साली पुण्याजवळच्या मुळशी पेट्यात (पेटा म्हणजे तालुक्याहून लहान विभाग) सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध होता. तिथे उठवणारी कंपनी होती, मागे इंग्रज सरकारचा भूसंपादन कायदा होता, १८९४ चा. मावळ्यांची, म्हणजे तिथल्या मावळातल्या शेतकऱ्यांची, घोषणा 'जान किंवा जमीन' अशी होती. तिच्यात क्रियापदच नाही, आणि त्यामुळे ती कुठल्याच कागदात बदलता आली नाही.

कोयनेत उठवणारं सरकार आपलंच होतं. धरण पाटण तालुक्यात हेळवाकजवळ, १९६४ च्या सुमाराला बांधून झालं, मागे शिवसागर जलाशय पसरला. खोऱ्यातली माणसं सांगली, सोलापूर, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यापर्यंत पांगली. डोंगरातली माणसं कुठे सोलापूरच्या उन्हात, कुठे खाडीकाठी. तुमच्या आजी यांतल्या कुठल्या वाटेने गेल्या ते लेखात जरूर लिहा. नुसतं 'कोयनेत' म्हटलं की खोऱ्यातल्या माणसाला सगळं कळतं, बाहेरच्याला वाटतं नदीच्या पुरात गाव गेलं. एकदा तरी 'कोयना धरणात' असं पूर्ण लिहा.

आणि राज्यात पुनर्वसनाचा पहिला स्वतंत्र कायदा १९७६ सालचा, नंतर १९८६ आणि १९९९ चे. म्हणजे कोयनेची गावं उठली तेव्हा त्यांच्यासाठी 'पुनर्वसन' हा हक्काचा शब्द कायद्यात नव्हताच. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा पुढच्या चळवळींनी दिली ती कोयनेसारख्यांचे हाल बघून. 'पुनर्वसन' मधला 'वस्' म्हणजे राहणे. वस्ती, वसाहत, वसवणे त्याच मुळातले. गंमत अशी की हा शब्द आता नावात मुरला आहे. "कुठं राहता?" "पुनर्वसनात." वसण्याची क्रिया संपून साठ वर्षं झाली तरी पत्ता अजून क्रियेचाच. शेजारच्या गावातले त्यांना 'धरणग्रस्त' म्हणतात, जणू ते आडनाव आहे. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त. पूर ओसरला की पूरग्रस्त हळूहळू नुसता माणूस होतो. धरणग्रस्ताचा नातूसुद्धा धरणग्रस्त, आणि दाखल्यासाठी त्याला ते राहावंच लागतं.

आता 'विस्थापित'. वाईट शब्द नाही, मी रोज वापरते. तो मुळात क्रियापद नाही, कर्मणी धातुसाधित आहे, म्हणजे क्रिया ज्याच्यावर झाली त्याचं विशेषण: 'वि' आणि 'स्था'चं प्रयोजक (दुसऱ्याकडून करवून घेण्याचं) रूप 'स्थापय', त्याला 'त'. म्हणजे जागेवरून हलवला गेलेला. प्रयोजक असल्यामुळे 'कुणी तरी केलं' हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. म्हणून 'विस्थापित होणे' आणि 'विस्थापित करणे' दोन्ही शुद्ध. कर्ता माहीत असेल आणि सांगायचा असेल तर 'करणे', माणसाच्या बाजूने सांगायचं असेल तर 'होणे'. "धरणाने चाळीस कुटुंबं विस्थापित केली" आणि "चाळीस कुटुंबं विस्थापित झाली." हल्ली काही अनुवादांत 'विस्थापणे' असं थेट क्रियापद दिसतं. माझ्या हातून ते कधी उतरलं नाही. 'स्थापणे' आहे म्हणून 'विस्थापणे' चालेल असा युक्तिवाद करता येतो, पण तोंडात घेऊन बघा, खडा लागतो.

'विस्थापित' चा कर्ता माणूस, कुटुंब, फार तर समाज. कायद्यातही तसंच आहे, आणि तिथे एक भेद आहे जो पत्रकारसुद्धा पाळत नाहीत. २०१३ चा केंद्राचा भूमिसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा, १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला, 'बाधित कुटुंब' आणि 'विस्थापित कुटुंब' अशा दोन वेगळ्या व्याख्या देतो. जमीन गेली तो बाधित. ज्याची जमीन नव्हतीच पण संपादनाआधी तीन वर्षं जो त्या भागात कूळ म्हणून किंवा मजूर म्हणून राबत होता आणि ज्याची रोजीरोटी त्यामुळे गेली, तोही बाधित. आणि ज्याला त्यामुळे राहती जागा सोडून दुसरीकडे वसावं लागतं, तो विस्थापित. घर जागेवर आणि शेत गेलं, तर तो बाधित आहे, विस्थापित नाही. बातमीत सगळ्यांना सरसकट विस्थापित लिहिलं की आकडा फुगतो आणि दुसऱ्या दिवशी कुणी तरी तो खोडून काढतो, आणि खऱ्या विस्थापितांचंही खोटं ठरतं. माझं मत विचाराल तर शब्दाच्या सैलपणाने गरिबाचं जितकं नुकसान होतं तितकं विरोधकाच्या वकिलाने होत नाही.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विस्थापन' भेटतं ते निराळं: सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर. फिरून मूळ जागी आलात तर विस्थापन शून्य. गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती, वाटा, देवस्थानं वर येतात आणि पांगलेले गावकरी तिथे जमतात, मग पावसाळ्यात पुन्हा सगळं पाण्याखाली. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दर मे महिन्यात त्यांचं विस्थापन शून्य होतं. इकडे उजनी धरणाच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळही पाणी खाली गेलं की असंच उघडं पडतं. पण तिथे गाव पुन्हा 'बसलं' असं कुणी म्हणत नाही. उठलेलं गाव 'वर येतं', 'दिसतं', 'उघडं पडतं', एवढंच.

बाकीचे शब्द थोडक्यात उरकते. 'स्थलांतर' जो करतो त्याच्या पायात असतं: ऊसतोड कामगार करतात, पक्षीही करतात. म्हणून "प्रकल्पामुळे ग्रामस्थांनी स्थलांतर केले" हे वाक्य मी कापते. दुष्काळात मराठवाड्यातून माणसं मुंबई-पुण्याकडे निघाली त्याला लोक 'जगायला गेले' म्हणतात, आणि त्याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही. 'परागंदा' फारसीतून आलेला, मूळ अर्थ विखुरलेला. जुन्या पत्रांत स्वारीच्या धामधुमीने रयत परागंदा होते आणि मग कौल, म्हणजे अभयाचं वचन, देऊन तिला परत बोलवावं लागतं. आज परागंदा होतो तो बहुधा देणेकरी नाही तर आरोपी. 'तडीपार' पोलीस करतात, त्याची मुदत असते. 'निर्वासित' आपल्याकडे घट्ट बसला तो फाळणीनंतर. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले लोक ठेवले, १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, तरी तिथले भाग अजून कॅम्प नंबरनेच ओळखले जातात. हद्द ओलांडून आलेला निर्वासित, देशातल्या देशात उखडलेला विस्थापित, हा आजचा संकेत पाळावा. 'हलवणे' पुराच्या बातमीत योग्य, कारण पाणी उतरलं की परत जायचं असतं. कायमचं उठवलेल्या गावाला 'सुरक्षित स्थळी हलवले' म्हणणं ही चक्क लबाडी.

'बेचिराख' विषयी मात्र थांबते, कारण तो फार सोसलेला शब्द आहे. आपण तो 'जाळून राख केलेला' अशा अर्थाने वापरतो, आणि शब्दात 'राख' ऐकू येत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. मूळ फारसी 'बे-चिराग', दिवा नसलेला. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव. महसुलाच्या दप्तरात गावाचं नाव आहे, शिवार आहे, सारा आहे, पण राहतं माणूस नाही, अशा गावाला हा शब्द लावत. म्हणजे गाव उठल्यावर मागे जे उरतं ते बेचिराख. उठताना काही जळावं लागत नाही.

तेव्हा तुमच्या लेखाचं असं करा. आजींचं वाक्य अवतरणात तसंच परत घाला. पुढे तुमच्या स्वतःच्या वाक्यात माणसांविषयी बोलताना 'विस्थापित' खुशाल वापरा: "गावातली सगळी कुटुंबं विस्थापित झाली." सरांना दोन्ही वाक्यं शेजारी दाखवा. ते मराठीचे असतील तर बहुधा मान्य करतील, आणि नाहीच केलं तर "आमचे गाव उठवले गेले" यावर तडजोड करू नका, ते सगळ्यात वाईट: आजींचा शब्दही जातो आणि उठवणाराही झाकला जातो. शिवाय आजींना एकदा विचारून घ्या की गाव उठलं तेव्हा घरात कोण किती वर्षांचं होतं. जुनी माणसं सन सांगत नाहीत, "गाव उठायच्या आदल्या साली लगीन झालं" असं सांगतात. त्यावरून वर्ष काढता येतं, आणि मी ते जबाबांसाठी कैक वेळा काढलेलं आहे. पोटात असलेल्या त्या थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख शेवटी आम्हाला उपयोगी पडली होती.